पद्मिनीच्या बॉनेटवर भेगा पडल्यात: सगळं खरडून रंगवायचं की वरूनच हात मारायचा?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९९६ ची प्रीमियर पद्मिनी आहे, वडिलांनी नवी घेतलेली, आणि ती अजून चालू आहे. रविवारी औदुंबर नाहीतर नरसोबाची वाडी अशी चक्कर होते, इंजिनचं काम मागेच करून घेतलंय, त्यामुळे यांत्रिक बाजूची काळजी नाही. प्रश्न रंगाचा आहे. मूळ रंग क्रीम. २००८ च्या सुमारास सांगलीतच एकदा सगळी गाडी त्याच रंगात मारून घेतली होती. आता बॉनेट, टप आणि मागची डिकी या तिन्हींवर मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडल्यात. दरवाज्यांवर तसलं काही नाही, नुसतं निस्तेज झालंय. टपावर समोरच्या काचेच्या रबराजवळ दोन फुगे आहेत आणि एका फुग्याखालून तपकिरी पाणी आल्यासारखा ओघळ दिसतो.

दोन पेंटरना दाखवली. एक म्हणाला, सगळ्यावर पेपर मारतो, सर्फेसर (रंगाखालचा, बारीक खाचा भरणारा थर) मारतो आणि वरून रंग, २२ हजार. दुसरा म्हणाला, पत्र्यापर्यंत खरडल्याशिवाय हात लावणार नाही, ७० च्या पुढे जाईल आणि दीड महिना गाडी मागू नका. इतका फरक का असतो ते कुणी समजावून सांगेल का? गाडी विकायची नाहीये, जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनातही न्यायची नाही. ती नीट टिकावी एवढंच हवंय.

पत्रेवाला_अण्णा
भावा दुसऱ्याकडं जा. विषय संपला.

पत्रेवाला_अण्णा
बरं, थोडं सविस्तर लिवतो, नायतर लोक म्हणतील अण्णा तोडून बोलतो. आमचं इचलकरंजीला डेंटिंग-पेंटिंगचं काम हाय, वडलांपासून. भेग पडलेल्या रंगावर सर्फेसर मारला की पहिले काही महिने झकास दिसतं, कारण सर्फेसर भेगेत बसतो आणि तुम्ही त्याला घासून सपाट करता. पण नवीन मालातलं थिनर भेगेतनं खाली उतरतं, जुन्या रंगाच्या कडा फुगवतं, मग ते हळूहळू उडून जाताना माल आकसतो आणि जिथं भेग होती तिथंच रेघ परत वर दिसाय लागते. एक उन्हाळा काढला की गिऱ्हाईक परत दारात. २२ हजारवाला खोटं बोलत नसंल, त्याला डिलिव्हरीच्या दिवशी गाडी चकचकीत द्यायची हाय एवढंच त्याचं गणित. तुम्हाला पुढची धा वर्षं बघायचीत.

मी_अनुजा
अण्णा, पण दरवाज्यांना भेगा नाहीत ना? मग सगळी गाडी कशाला खरडायची? माझ्या मते त्या ७० हजारवाल्याला विचारायला हवं की दरवाजे का उघडे करतोयस. जो रंग पत्र्याला घट्ट धरून बसलाय तो काढणं म्हणजे चांगला पाया फोडण्यासारखं आहे.

चाकणकर
अनुजाताईंशी सहमत, आणि इथे थोडं आमच्या कामाचं सांगतो. मी एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये आहे, नाव घेत नाही. आजच्या गाडीच्या पत्र्यावर आधी फॉस्फेट, मग गाडी अख्खी टाकीत बुडवून विजेच्या प्रवाहाने बसवलेला ईडी कोट साधारण २० मायक्रॉन, त्यावर प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. सगळं मिळून १०० ते १४० मायक्रॉनच्या आसपास भरतं, म्हणजे केसाच्या जाडीएवढंच म्हणा. यातला गंज अडवण्याचा मोठा भार खालच्या थरांवर असतो, वरची चमक बघून त्याचा अंदाज येत नाही. आणि हे थर भट्टीत भाजलेले असतात, जवळपास १६०-१८० डिग्रीला. गॅरेजमध्ये ते परत करता येत नाही, कारण तोवर गाडीत काचा, रबर, वायरिंग, सीटा सगळं आलेलं असतं. म्हणून कारखान्यातला खालचा थर जिथे शाबूत आहे तिथे तो वाचवावा, असं माझं ठाम मत आहे.

आता भेगा का पडतात. मुख्य कारण जाडी. रंग जितका जाड तितका तो आतून आकसताना ताणला जातो, आणि पत्रा दिवसा तापून फुगतो, रात्री आकसतो. नवा रंग थोडा लवचिक असतो, वर्षानुवर्षं उन्हात तो लवचिकपणा जातो आणि मग तो पत्र्याबरोबर हलू शकत नाही, फुटतो. टप, बॉनेट आणि डिकी आडव्या असतात, ऊन थेट त्यांच्यावर, दरवाजे उभे. तुमच्या गाडीवर भेगांची जागा नेमकी तशीच आहे. २००८ ला मूळ रंगावर दुसरा रंग चढलाय, म्हणजे जाडी दुप्पट-तिप्पट असणार.

रत्नागिरी_एक्स्प्रेस
आमच्याकडे कोकणात याच्या जोडीला खारी हवा. भेग पडली की एका पावसाळ्यात खाली गंज धरतो, सांगलीला तुम्हाला निदान तेवढा वेळ मिळतो. तो तपकिरी ओघळ मात्र हलक्यात घेऊ नका. काचेच्या रबराखाली पाणी बसतं आणि तिथला पत्रा आतून खाल्लेला असतो, वरून फुगा दिसतो तो फक्त शेवट असतो. रबर काढल्याशिवाय खरं काय ते कळत नाही.

घाटावरचा_बाळू
पद्मिनी!! स्टिअरिंगच्या कॉलमवरचा गिअर!! आम्ही चौघं भावंडं मागे आणि आजी पुढे मध्यभागी, तो सोफ्यासारखा पुढचा सीट. कुर्ल्याला बनायची ना ही? काकांनी नंबर लावला होता, गाडी येईपर्यंत आमची शाळा बदलली.

दादरकर७२
हो, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात. मूळ फियाट ११०० डी, १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे वर्षानुवर्षं हीच गाडी, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. त्या टॅक्सीवाल्यांच्या गाड्या बघितल्यात का कुणी जवळून? दर थोड्या वर्षांनी पासिंगला न्यायच्या आधी ब्रशने आणि स्प्रेने थरावर थर. दरवाज्याची कड बोटाएवढी जाड वाटायची. भेगा बघायच्या असतील तर तसल्या गाड्यांवर बघायला मिळायच्या. चाकणकरांचा जाडीचा मुद्दा अगदी पटला.

कृष्णाकाठ
मंडळी, मनापासून आभार, एवढ्या लवकर एवढं मिळेल वाटलं नव्हतं. चाकणकर साहेब, मग भेग नेमकी किती खोल आहे ते घरच्या घरी कळेल का? आणि २००८ ला कुठला रंग मारला होता ते आता कुणालाच माहीत नाही, तो पेंटर गाव सोडून गेला.

चाकणकर
कळेल की. तीन गोष्टी करून बघा.

पहिली, ओला फडका बॉनेटवर फिरवा आणि पाणी पुसा. भेगेत पाणी राहतं, ती गडद रेघ दिसते, त्यावरून पसरलंय किती ते कळेल. मग डिकीच्या एका कोपऱ्यात हाताच्या पंजाएवढी जागा घेऊन ८०० चा वॉटर पेपर पाणी लावून हळूहळू घासा. वरचा क्रीम जाऊन खालचा क्रीम किंवा प्रायमर दिसायला लागला आणि भेग तरीही तिथेच आहे, म्हणजे ती खालपर्यंत गेलीये. वरच्या थरातच संपली तर तेवढा थर उतरवून भागेल.

दुसरी, पांढऱ्या कापसाला एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाचा थिनर लावून कुठेतरी न दिसणाऱ्या जागी, म्हणजे डिकीच्या आतल्या कडेला वगैरे, थोडा वेळ धरून ठेवा. २००८ चा रंग एनसी असेल तर कापसावर सरळ उतरेल, कारण एनसी नुसता थिनर उडून वाळतो, परत थिनर लागला की परत विरघळतो. हार्डनर मिसळून कडक होणारा पीयू (पॉलियुरेथेन) असेल तर काही होणार नाही. सुरकुतला तर एनॅमल. हे माहीत असणं फार गरजेचं आहे, कारण एनसीवर थेट पीयू ओला मारला की खालचा माल उचलतो आणि अख्खं पॅनल सुरकुततं.

तिसरी, छोटं लोहचुंबक कापडात गुंडाळून सगळ्या गाडीवरून फिरवा. जिथे पकड ढिली पडते तिथे खाली लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, भरलीये. मायक्रॉन मोजायचं मीटर मिळालं तर उत्तमच, कार डिटेलिंगवाल्यांकडे असतं, चहा पाजून मागा.

पत्रेवाला_अण्णा
चाकणकर सायेब बरोबर बोलले. एक जादा: रंग जुना हाय तर कोरडा घासू नगा. जुन्या रंगात शिसं असायची शक्यता हाय, पिवळ्या-नारंगी छटेत जास्त, ती धूळ नाकात जाऊ देऊ नये. पाणी लावूनच घासा आणि मास्क लावा. पण उघड्या लांबीला पाणी लावू नगा. ती पाणी पिते, आणि ते पाणी खाली पत्र्याला गंज धरतं. आमच्या लायनीत निम्मे फुगे ह्याच कारणानं येतात.

सोलापूरी_चादर
मधेच एक वेगळा प्रश्न, माझी १९९९ ची लाल मारुती ८०० आहे, भेगा नाहीत पण टप गुलाबी झालाय आणि पुसलं की फडका लाल होतो. रंगवावी का?

मी_अनुजा
नका रंगवू! फडका लाल होतो याचा अर्थ वर क्लिअर नाही, रंगच उघडा आहे, आणि वरचा पातळ थर उन्हाने करपलाय. कंपाऊंडने (घासून पॉलिश करायची पेस्ट) तो थर निघतो आणि खालचा लाल वर येतो. लाल रंग लवकर फिका पडतो हे खरं पण तो खाली शाबूत असतो. बारीक कंपाऊंडपासून सुरुवात करा, हाताने किंवा कमी वेगाच्या मशीनने, आणि कडांवर, उंचवट्यांवर टेप लावा कारण तिथे रंग आधीच पातळ असतो, बघता बघता प्रायमर दिसतो. मग वॅक्स. दर काही महिन्यांनी वॅक्स लावत राहिलात तर बरीच वर्षं निघतील.

सोलापूरी_चादर
धन्यवाद ताई, खूप मोठा खर्च वाचवलात. सिरॅमिक कोटिंगवाला मागे लागलाय, ते करू का नंतर?

चाकणकर
कंपाऊंडनंतर चाललं तर चालेल, पण ते फक्त वरचं संरक्षण आहे. खालचं काहीही दुरुस्त होत नाही त्याने. भेगा पडलेल्या गाडीवर तर मुळीच नको, आणि तेच व्हिनाइल रॅपचं, म्हणजे रंगावर चिकटवायच्या फिल्मचं. भेगा रॅपमधून उमटतात, आणि रॅप काढताना सुटलेला रंग त्याच्याबरोबर येतो.

नाशिक_द्राक्षे
मला एक समजत नाही, सगळे पत्र्यापर्यंत पत्र्यापर्यंत करताय, पण आमच्या सासऱ्यांची अँबेसेडर अशीच पत्र्यापर्यंत खरडली, पेंटरने महिनाभर उघडी ठेवली, पावसाळी हवा, आणि सगळ्या पत्र्यावर नारंगी गंज. मग तोच गंज वरवर घासून प्रायमर मारला. दोन वर्षांत दरवाज्यांचे तळ फुगले. त्यापेक्षा भेगांवर वरून मारलेला रंग बरा नव्हता का?

पत्रेवाला_अण्णा
वैनी, तुमचा राग बरोबर हाय. पत्रा उघडा केला की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी इपॉक्सी प्रायमर गेलाच पायजे. एका वेळी एकच पॅनल उघडं करायचं. अख्खी गाडी नागडी करून ठेवणारा पेंटर घाईत हाय नायतर त्याच्याकडं पंधरा गाड्या हायत. दोन्हीत गाडी मरती. म्हणून ठरवताना विचारायचं, पत्रा उघडल्यावर प्रायमर कवा? उत्तर लगेच आलं नाय तर उठून यायचं.

रत्नागिरी_एक्स्प्रेस
आणि पावसाळ्यात रंगवू नका म्हणतात त्याचं हेही एक कारण. एनसी तर पावसाळी हवेत पांढरट होतो, थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतलं दव त्यावर बसतं. आमच्याकडे गणपतीपर्यंत कुणी शहाणा पेंटर टपाला हात लावत नाही. दिवाळीनंतर करा.

टोरांटोची_मावशी
इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे आमचं युद्ध खालून असतं, चाकांच्या कमानी आणि दरवाज्यांचे तळ आधी जातात. तिकडे वरून ऊन, इकडे खालून मीठ. पण एक गोष्ट सारखीच, दरवाज्यांच्या तळाला पाणी जायची छोटी भोकं असतात ती रंगवताना बुजवून टाकतात. कृष्णाकाठ, गाडी परत आली की प्रत्येक दरवाज्याचं भोक तार घालून उघडं आहे का बघ बाळा.

पुणे३०
खर्चाचं बोलू. विम्यातून होईल का?

दादरकर७२
नाही हो, वयामुळे झालेली झीज विम्यात धरत नाहीत. अपघात झाला तर त्या पॅनलपुरतं.

पुणे३०
मग रंग बदलून घ्यावा की! एवढा खर्च करतोय तर गडद निळी शोभेल पद्मिनी.

दादरकर७२
कृपा करून क्रीमच ठेवा. रंग बदलला तर आरसी बुकात नोंद करावी लागते, आरटीओच्या चकरा वाढतात. १५ वर्षांवरच्या गाडीला दर ५ वर्षांनी नूतनीकरण आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर आहेच, त्यात हे आणखी. त्याच रंगात मारली तर काही लागत नाही. आणि महत्त्वाचं: तपासणीला चेसिस नंबरचा पेन्सिलने छाप घेतात. उत्साही पेंटर त्यावरही घासतो नाहीतर जाड रंगाने भरून टाकतो, मग आकडे वाचता येत नाहीत आणि खरा त्रास सुरू. त्या जागेवर ग्रीस लावून टेप मारा आणि पेंटरला दाखवून सांगा.

कृष्णाकाठ
निळी नाही करणार, आई घरात घेणार नाही. 🙂

सांगितल्याप्रमाणे सगळं करून बघितलं. कापसावर क्रीम उतरला, म्हणजे २००८ चा माल एनसी. डिकीवर घासलं तर वरचा थर गेल्यावर खाली थोडा गडद क्रीम लागला, तो मूळचा असणार, आणि भेग त्याच्यातही आहे पण बारीक. त्याखाली प्रायमर दिसला तिथे रेघ संपली. बॉनेटवर मात्र रेघ थेट पत्र्यापर्यंत, आणि दोन ठिकाणी रेघेच्या तळाशी काळपट गंज. चुंबक सगळीकडे घट्ट बसतं, फक्त मागच्या डाव्या मडगार्डवर ढिलं, तिथे लांबी असणार. दरवाज्यांवर कापसाला रंग उतरतो पण भेग कुठेच नाही. फुग्याजवळचं रबर उचकटून बघायचं धाडस झालं नाही.

चाकणकर
छान तपासलंत. आता चित्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे. बॉनेट पत्र्यापर्यंत. टप पण पत्र्यापर्यंत, तिथे फुगे आहेत म्हणून वाद नको. डिकीवर दोन्ही रंग उतरवून शाबूत प्रायमरवर थांबता येईल, पण घासताना एक जरी रेघ प्रायमरमध्ये दिसली तर तिथे थांबायचं नाही. दरवाज्यांवर आणि मडगार्डवर एनसीचा थर तेवढा उतरवा, भेगा नसल्या तरी, कारण नवीन पीयू त्यावर टिकणार नाही. मूळ रंग घट्ट असेल तर तो पेपर मारून खाली ठेवा आणि मध्ये इपॉक्सी प्रायमरचा थर घ्या. म्हणजे ७० वाल्याचं निम्मं बरोबर आणि अनुजाताईंचं निम्मं बरोबर.

मी_अनुजा
मान्य. एनसीचा मुद्दा माझ्या लक्षात नव्हता आला.

पत्रेवाला_अण्णा
डाव्या मडगार्डची लांबी पण उकरून बघा. जुनी लांबी ठेवून वर नवा माल मारला तर तिथंच पहिली भेग. आणि रंग काढायला रिमूव्हर वापरणार असतील तर कडा, फटी नीट धुवून घ्यायला सांगा, फटीत राहिलेला रिमूव्हर नंतर नवा रंग उचलतो. हातावर पडला तर चामडी जळते, पोरांना हातमोजे द्या म्हणावं.

डॉ_शीतल
गाड्यांच्या रंगाचं मला काही कळत नाही, पण छातीच्या दवाखान्यात बसते म्हणून लिहितेय. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याची फवारणी श्वासातून गेली की दमा लागू शकतो आणि एकदा शरीराने पकडलं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही झटका येतो. तोंडाला रुमाल बांधून स्प्रे मारणारी वीस-बावीस वर्षांची मुलं आमच्याकडे येतात. बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मास्क हवा, कागदी मास्क चालत नाही. गाडी द्यायच्या आधी हे एकदा विचारा, गिऱ्हाईक विचारायला लागले तर मालक आणतील.

पत्रेवाला_अण्णा
डॉक्टर ताई, माझा थोरला भाऊ ह्याच्यामुळंच स्प्रे सोडून आता नुसतं डेंटिंग करतो. आम्ही हवेच्या नळीचे मास्क आणले त्याच्यानंतर. तुम्ही लिवलं ते लय बरं केलं.

कृष्णाकाठ
हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. दुसऱ्या पेंटरकडे जाऊन आलो. मास्कची नळी भिंतीला टांगलेली दिसली, आणि पत्रा उघडल्यावर प्रायमर कधी असं विचारलं तर म्हणाला संध्याकाळपर्यंत, रात्रभर उघडा ठेवत नाही. दरवाज्यांचा मूळ रंग ठेवायचा म्हटल्यावर थोडा विचार केला आणि ५८ हजारांवर आला. क्रीमची छटा जुळवायला डॅशबोर्डखालचा, ऊन न लागलेला रंग पॉलिश करून त्यावरून बनवतो म्हणाला. दिवाळीनंतरची तारीख ठरली. एकच अडचण आहे, तो म्हणतो पुढच्या-मागच्या काचेचं रबर काढलं की परत तेच बसवता येणार नाही, कडक झालंय, काढताना तुटेल. टेप लावून रबराच्या भोवतीने रंगवू का म्हणून विचारत होता.

रत्नागिरी_एक्स्प्रेस
अजिबात नको! फुगा तिथेच आहे. टेपच्या कडेवर रंगाची पातळ धार राहते आणि तिथूनच परत सुटायला लागतो.

दादरकर७२
रबर मुंबईत जुन्या सुट्या भागांच्या बाजारात मिळतं, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला विचारा, पुण्यात नाना पेठेतही बघा. घेताना जुन्या रबराचा एक तुकडा कापून बरोबर न्या, खाच जुळायला हवी. आणि काच काढताना जुनी पुढची काच तडकू शकते, तिचीही चौकशी आधीच करून ठेवा.

पत्रेवाला_अण्णा
रबर हातात आल्याबिगर गाडी उघडू देऊ नगा. नायतर पत्रा तयार, रंग तयार, आणि गाडी बिनकाचेची रबराची वाट बघत पडून ऱ्हाती.

कृष्णाकाठ
गुरुवारी मुंबईला कामासाठी जाणारच आहे, कुर्ल्याला उतरतो. मागच्या रबराचा तुकडा आजच कापून ठेवतो.